वरच्या मजल्यांवर ग्राहक का चढत नव्हते: एका साखळी डिपार्टमेंट स्टोअरच्या नूतनीकरणाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे दुकान एका मोठ्या साखळीतलं. तळमजला धरून चार मजले, मधोमध सरकते जिने, मागच्या अंगाला मालाची लिफ्ट आणि गोडाऊन. खाली सौंदर्यप्रसाधनं, पर्स आणि घड्याळं. पहिल्या मजल्यावर स्त्रियांचे कपडे, दुसऱ्यावर पुरुषांचे आणि मुलांचे, सगळ्यात वर चादरी, पडदे आणि भांडीकुंडी. इमारत १९७० च्या दशकातली. तळमजल्याच्या शोकेस सोडल्या तर बाहेरच्या भिंतीला एकही खिडकी नाही.

अशा बंद पेटीसारख्या इमारती आल्या कुठून, हे समजून घेतलं की पुढचं बरंच उलगडतं. पॅरिसच्या ‘ल बाँ मार्शे’ या दुकानात आरिस्तीद बूसिको १८५२ मध्ये भागीदार झाला. ठरलेली किंमत, घ्यायचं नसलं तरी माल पाहायची मुभा, न पटलेली वस्तू परत घेणं, या गोष्टी त्याच्या दुकानाने रुळवल्या. त्या काळी एवढ्या मोठ्या दुकानात पुरेसा उजेड वरूनच आणावा लागे. म्हणून छताला काच आणि खालपर्यंत मोकळा चौक. दारातून आत आलेल्या माणसाला मान वर केली की सगळे मजले दिसत. १९३८ पासून फ्लुरोसंट दिवे बाजारात आले, मागोमाग वातानुकूलन सर्रास झालं, आणि चौकाची गरज उरली नाही. चौक बुजले, खिडक्या बंद झाल्या, मिळालेल्या भिंतींना रॅक लागले. विक्रीची जागा वाढली, पण वर काय आहे ते खालून दिसेनासं झालं.

आपलं दुकान याच दुसऱ्या पिढीतलं. साखळीने नव्या मॉलमधल्या दुकानांसाठी एक नवं रूप ठरवलं होतं: ठरावीक फर्निचर, ठरावीक रंग, ठरावीक लेआउट. तेच इथे बसवायचं, असा हेड ऑफिसचा आदेश होता. आमच्याकडे डिझाइन आणि कामाचा समन्वय आला तेव्हा बजेट मंजूर होतं आणि त्यातला सर्वात मोठा हिस्सा दर्शनी भाग आणि तळमजल्यावर खर्च व्हायचा होता.

अडचण नेमकी कुठे होती

विक्री वर्षानुवर्षं खाली येत होती. हेड ऑफिसचं निदान सोपं होतं: दुकान जुनाट दिसतं. ते खोटं नव्हतं. पण तळमजल्याची विक्री जेमतेम टिकून होती आणि घसरण वरच्या मजल्यांवर जास्त होती. जुनाटपणा तर चारही मजल्यांवर सारखाच होता. मग हा फरक का?

ड्रॉइंगला हात लावण्याआधी आठवड्याच्या वेगवेगळ्या वेळी प्रत्येक जिन्याच्या तोंडाशी माणसं उभी करून मोजणी केली. किती जण वर आले, कुठे वळले, कुठून परत फिरले, एवढंच टिपायचं. पहिल्या मजल्यावर आलेल्यांपैकी बहुतेक जण तिथूनच खाली जात होते, हे त्यातून दिसलं.

कारण जागेवर उभं राहिलं की कळत होतं. सरकते जिने एकाच दिशेने एकावर एक रचलेले. पहिल्या मजल्यावर उतरल्यावर दुसऱ्या मजल्याचा जिना धरायचा तर पूर्ण वळसा घालून उलट टोकाला जावं लागे. ही रचना डिपार्टमेंट स्टोअरमध्ये मुद्दाम करतात, जाता जाता माल नजरेला पडावा म्हणून. रचनेत वाईट काही नाही. पण या वळशाच्या वाटेवर छातीच्या वर जाणारे रॅक उभे होते आणि जिन्याच्या पोकळीभोवती लाकडी बोर्ड मारून त्यावर बॅगा टांगलेल्या होत्या. पुढचा जिना दिसतच नव्हता. त्यात जिन्यावरून उतरताच समोर सवलतीच्या मालाची मोठी टोपली. सरकत्या जिन्यांच्या युरोपीय मानकात उतरण्याच्या जागी साधारण अडीच मीटर खोलीची मोकळी जागा मागितलेली आहे, ती काही शोभेसाठी नाही. मागून माणसं येतच असतात आणि पुढच्याला थांबून बघायला जागा लागते. इथे पुढचा माणूस थांबला की मागचा त्याच्यावर आदळे. मग जो तो पटकन बाजूला होई, समोर दिसणारा खाली जाणारा जिना धरी आणि निघून जाई.

दुसरी गोष्ट पुरुषांच्या विभागात दिसली. लोक दोन पँट हातात घेऊन खाली मुख्य दारापर्यंत जात, उजेडात धरून बघत आणि परत वर येत. कधी येतही नसत. गडद निळा आणि काळा यातला फरक त्या मजल्यावर ओळखूच येत नव्हता. जुने मेटल हॅलाइड दिवे वयोमानाने रंग बदलतात, आणि इथे प्रत्येक दिवा वेगळ्या वयाचा होता. कुठे हिरवट, कुठे गुलाबी.

तिसरी गोष्ट सांगितली ती पहिल्या मजल्याच्या ट्रायल रूमवर बऱ्याच वर्षांपासून काम करणाऱ्या एका बाईंनी. “इथे लोक कपडे नापसंत करत नाहीत हो, आरशातला स्वतःचा चेहरा नापसंत करतात,” त्या म्हणाल्या. खोल्या अंधाऱ्या कोपऱ्यात, दिवा थेट डोक्यावर, म्हणजे डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली गडद सावल्या. संपूर्ण मजल्याला खोल्या चारच, आणि रांग लागली की लोक कपडे तिथल्याच दांडीवर टाकून जात. संध्याकाळी त्या दांडीवर जमलेला ढीग हाच आमच्या मते त्या मजल्याचा खरा अहवाल होता.

साचा आणि इमारत

साखळीचा साचा मॉलसाठी बनला होता. तिथे कॉलम लांब लांब असतात, छत उंच असतं, मजला बहुधा एकच. या इमारतीत कॉलम साधारण सहा मीटरवर. साच्यातली मुख्य वाट मजल्याला गोल फेरी घालणारी, चांगली रुंद. ती ड्रॉइंगवर तशीच उतरवली तर दर थोड्या अंतरावर मधोमध कॉलम येत होता. हेड ऑफिसच्या डिझाइन विभागाने सुचवलं की कॉलमला आरसे लावा, म्हणजे तो दिसणार नाही. आमचं म्हणणं असं की वाट सरकवा. आरसा लावला तरी माणूस कॉलमला वळसा घालणारच, आणि गर्दीत आरसा म्हणजे आणखी गोंधळ.

इथे पहिला खरा निर्णय झाला: फर्निचर, रंग आणि पाट्या साखळीच्या, पण वाटा या इमारतीच्या. वाट दोन कॉलमांच्या मधून नेली. मजल्याच्या मधल्या भागात एक मीटर चाळीसपेक्षा उंच काही ठेवायचं नाही, उंच रॅक फक्त बाहेरच्या भिंतींना, असा नियम केला. म्हणजे उभ्या माणसाची नजर थेट समोरच्या भिंतीपर्यंत पोचते. यात रॅकची काही लांबी गेली. खरेदी विभागाने त्यावर हरकत घेतली आणि ती रास्त होती, कारण त्यांना मांडायला तेवढाच माल होता. त्यावर तोडगा असा निघाला की एकाच वस्तूचे सगळे नग बाहेर न मांडता थोडे मांडायचे आणि बाकीचे गोडाऊनमध्ये ठेवायचे. हा तोडगा कागदावर जितका सोपा वाटला तितका निघाला नाही. त्याबद्दल पुढे.

दुकान बंद ठेवायचं की चालू

पूर्ण बंद ठेवलं तर काम सुरक्षित, स्वच्छ आणि लवकर होतं. पण तेवढे महिने विक्री शून्य आणि कर्मचाऱ्यांचं काय करायचं हा प्रश्न. शिवाय तुटलेली सवय परत लागत नाही, ही साखळीची भीती. चालू ठेवलं तर रात्रीची कामं, धूळ, आवाज, आणि खर्च वाढतो. तिसरा पर्याय मजल्याचा अर्धा-अर्धा भाग आळीपाळीने बंद करण्याचा होता. तो आम्ही लवकरच बाजूला ठेवला, कारण प्रत्येक मजल्याला एसीची हवा परत ओढणारा मार्ग एकच होता. अर्ध्या भागात फरशी फोडली की धूळ उरलेल्या अर्ध्या भागातल्या कपड्यांवर बसणार.

शेवटी एका वेळी एक मजला पूर्ण बंद, बाकी दुकान चालू, असं ठरलं. सुरुवात सगळ्यात वरून. विक्री तिथे सर्वात कमी होती आणि पहिल्या टप्प्यातल्या चुका तिथे सर्वात स्वस्त पडणार होत्या. बंद मजल्याच्या हवेच्या झडपा सील केल्या, सरकत्या जिन्याच्या पोकळीला तात्पुरतं न जळणारं आवरण घातलं.

सर्वात जास्त डोकं लागलं ते बाहेर पडण्याच्या मार्गांना. बॅरिकेड उभं केलं की एखादा आपत्कालीन जिना अडतो, आणि मग उरलेल्या मजल्यांवर किती माणसं असू शकतात हा हिशोबच बदलतो. म्हणून प्रत्येक टप्प्यासाठी वेगळा नकाशा, अग्निशमन विभागाकडून वेगळी मंजुरी, आणि टप्पा बदलला की त्याच दिवशी पाट्या बदलायच्या. वेल्डिंग आणि कटिंगला रोजचा लेखी परवाना, आणि काम थांबल्यावर तासभर तिथे माणूस बसवायचा. कंत्राटदाराला हे जाचक वाटलं. खाली माणसं खरेदी करत असताना वर ठिणग्या उडणार असतील तर यात सूट देणं शक्य नव्हतं, आणि आम्ही दिलीही नाही.

सरकत्या जिन्यांचा निर्णय

जिने एकमेकांना कापणाऱ्या रचनेत आणले तर माणूस एका जिन्यावरून उतरला की समोरच पुढचा जिना मिळतो. मोह मोठा होता. पण जिना हलवायचा म्हणजे जुनी पोकळी बुजवणं, नवीन पोकळीसाठी स्लॅब आणि बीम कापणं, खालचा खड्डा नव्याने करणं. सगळं बजेट त्यातच गेलं असतं.

दुसरा पर्याय मधोमध चौक उघडण्याचा, म्हणजे जुन्या पॅरिसकडे परत जाण्याचा. दिसायला देखणा. पण चारही मजले एका पोकळीने जोडले की आग आणि धूर एका मजल्यात अडवून धरता येत नाही. धूर ओढून घेणारी वेगळी यंत्रणा लागते, आणि प्रत्येक मजल्यावरची मोक्याची जागा जाते ती वेगळीच.

यातून जे निघालं ते सर्वात स्वस्त होतं. जिन्याच्या पोकळीभोवतीचे लाकडी बोर्ड कशासाठी आहेत हे आधी तपासलं. सगळ्यांची समजूत होती की ते आगीपासून संरक्षणासाठी आहेत. जुनी ड्रॉइंग्ज काढली तेव्हा कळलं की संरक्षण छताजवळच्या आपोआप खाली येणाऱ्या शटरचं आहे. बोर्ड नंतर कोणीतरी माल टांगायला मारले होते. ते काढले, काचेचे कठडे बसवले, सवलतीच्या टोपल्या हलवल्या, आणि वळशाची वाट पूर्ण मोकळी केली. पुढच्या जिन्याच्या तोंडावरची भिंत सर्वात जास्त उजळवली, जेणेकरून पहिल्या पावलालाच नजर तिकडे जावी. एक मीटर रुंद पायरीचा जिना अर्धा मीटर प्रति सेकंद वेगाने तासाला सुमारे ६००० माणसं वाहू शकतो. क्षमतेचा प्रश्न कधी नव्हताच.

छत, दिवे आणि फरशी

साच्यात छत उघडं होतं: फॉल्स सीलिंग नाही, डक्ट आणि पाइप काळ्या रंगात. इथे तसं केलं तर स्प्रिंकलर, म्हणजे आगीत आपोआप पाणी फवारणारी तोंडं, जुन्या सीलिंगच्या उंचीवर लोंबकळत राहिले असते. आगीची ऊष्णता आधी वर स्लॅबला जमते, खाली लोंबणारं स्प्रिंकलर उशिरा फुटतं. म्हणजे सगळी पाइपलाइन वर घ्यायची. तळमजला आणि पहिल्या मजल्यावर ती घेतली, वरच्या दोन मजल्यांवर सीलिंग ठेवलं. रॅकवर माल रचताना स्प्रिंकलरच्या खाली किमान ४५० मिलिमीटर मोकळं राहिलं पाहिजे, म्हणून गोडाऊनच्या भिंतींवर लाल पट्टा ओढून घेतला. तो ओढायला काहीच खर्च आला नाही, आणि आता त्याच्या वर खोके दिसले की कोणीही बोलू शकतं.

दिव्यांच्या बाबतीत विक्रेते सीआरआयचा आकडा दाखवतात, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचं माप. हा आकडा आठ फिकट रंगांच्या नमुन्यांची सरासरी असतो. गडद लाल त्यात धरलेलाच नसतो, तो आर-९ म्हणून वेगळा मोजतात. त्वचा चांगली दिसावी तर आर-९ विचारावाच लागतो. आम्ही आकड्यांवर न थांबता प्रत्येक विक्रेत्याचा दिवा दुसऱ्या मजल्यावर टांगला आणि त्याखाली त्याच दोन पँट ठेवल्या, गडद निळी आणि काळी. सोबत एक लाल स्वेटर आणि ट्रायल रूमवरच्या बाईंचा हात. दोन विक्रेते तिथेच बाद झाले. विक्रीच्या मजल्यावर सरसकट ३०० लक्स (उजेड मोजायचं एकक) आणि बिलिंग काउंटरवर ५०० हे मानक पुरेसं ठरलं. वाढीव उजेड जमिनीवर न ओतता भिंतींवरच्या मालावर टाकला.

फरशीने मात्र घोळ घातला. जुन्या विनाइल टाइल्सखालच्या काळ्या चिकट थरात ॲस्बेस्टॉस निघालं, ज्याचे तंतू श्वासातून गेले की घातक असतात. त्या काळातल्या इमारतीत ते अपेक्षितच असतं, तरी नमुन्यांची तपासणी कामाच्या वेळापत्रकात उशिरा धरली होती. थर शाबूत असेल तर वरून नवीन फरशी घालून तो झाकून ठेवता येतो, आणि ते काढण्यापेक्षा सुरक्षित असतं. पण वर थर चढला की जमीन काही मिलिमीटरने उचलली जाते, आणि सरकत्या जिन्याची दातेरी पट्टी व लिफ्टचा उंबरठा मूळ पातळीवरच राहतो. तिथे पाय अडकणार. म्हणून जिन्यांच्या आणि लिफ्टच्या तोंडाशीच जुना थर काढला. परवानाधारक पथक, सीलबंद तंबू, आत कमी दाबाची हवा, काम फक्त रात्री. बाकी सगळीकडे झाकला आणि कुठे काय झाकलंय याची नोंद इमारतीच्या फाइलमध्ये ठेवली.

ट्रायल रूमसाठी जागा सोडणं

सर्वात तापलेली बैठक याच विषयावर झाली. आम्ही पहिल्या मजल्यावरच्या खोल्या दुप्पट करायला सांगत होतो, त्यात एक व्हीलचेअर फिरेल अशी, म्हणजे दीड मीटर व्यासाचं मोकळं वर्तुळ मावेल एवढी. जागा विक्रीच्या मजल्यातूनच जाणार होती. साखळीत प्रत्येक चौरस मीटरची विक्री मोजतात आणि ट्रायल रूमच्या खात्यावर विक्री शून्य दिसते. तिच्या बाजूने बोलायला हिशोबात कोणी नसतं.

बैठकीत आम्ही दांडीवरच्या ढिगाचे फोटो दाखवले, रोज बंद होताना काढलेले. फ्लोअर मॅनेजरने सांगितलं की ते कपडे परत जागेवर लावण्यात सकाळचा किती वेळ जातो. तेव्हा वित्त विभागाचे प्रमुख म्हणाले, “म्हणजे माल आहे, गिऱ्हाईक आहे, आणि मधे फक्त दार नाही.” खोल्या मंजूर झाल्या. आरशाच्या दोन्ही बाजूंना उभे दिवे आले, डोक्यावरचा गेला.

काय झालं

वरच्या मजल्यांवर जाणाऱ्यांची संख्या वाढली. आधीच्याच पद्धतीने, त्याच जागी मोजली म्हणून ही तुलना विश्वासार्ह आहे. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याची विक्री सुधारली. ट्रायल रूमवरची रांग गेली नाही, पण सरकू लागली. दारापर्यंत पँट घेऊन जाणारं कोणी दिसत नाही.

बाहेरच्या दर्शनी भागावर मूळ बजेटपेक्षा बराच कमी खर्च झाला आणि त्याची उणीव कोणा ग्राहकाने बोलून दाखवली नाही. हेड ऑफिसने दाखवली.

गोडाऊन मात्र तोंडघशी पडलं. मांडणी कमी केल्यावर दिवसातून अनेकदा माल बाहेर आणावा लागतो, आणि मालाची लिफ्ट एकच, तीही जुनी. संध्याकाळच्या गर्दीत मधला साइज संपलेला आणि मागे खोक्यात पडून आहे, असं पहिल्या काही महिन्यांत वारंवार घडलं. तिसऱ्या मजल्याचा कोपरा गोडाऊनला द्यावा असा विचार पुढे आला. स्ट्रक्चरल इंजिनिअरने तो नाकारला: दुकानाचा स्लॅब चौरस मीटरला ४ ते ५ किलोन्यूटनचा भार धरून काढतात, साठवणुकीला किमान साडेसात धरावा लागतो. शेवटी कर्मचाऱ्यांच्या पाळ्या बदलल्या, बंद झाल्यावर आणि दुपारी माल भरायचा असं ठरलं. त्याने बराच फरक पडला, पूर्ण नाही.

पुन्हा करायचं झालं तर

लिफ्टचा विचार लेआउटच्या आधी व्हायला हवा. मांडणी किती कमी करता येईल हे मागून माल किती वेगाने येतो यावर ठरतं, आणि हा हिशोब डिझाइनच्या टेबलावर कोणाकडेच नव्हता. गोडाऊनमधला एक माणूस पहिल्या बैठकीपासून बसवला असता तर त्याने तो तोंडी सांगितला असता.

ॲस्बेस्टॉसची तपासणी टेंडर काढण्याआधी. नंतर निघालेल्या प्रत्येक गोष्टीला कंत्राटदार वेगळा दर लावतो, आणि त्या वेळी घासाघीस करायला हातात काही नसतं.

टप्पे वरून खाली करण्याचा निर्णय कामासाठी बरोबर होता, ग्राहकांसाठी तितकासा नाही. सर्वात वरचा मजला आधी चकाचक झाला, पण तिथपर्यंत जाणारी वाट शेवटच्या टप्प्यापर्यंत जुनीच होती. म्हणजे नवीन मजला कित्येक महिने ओस. पहिल्या मजल्यावरचे बोर्ड आणि टोपल्या हलवणं हे काम एका रात्रीचं होतं, ते सर्वात आधी उरकून घेता आलं असतं.

ऑनलाइन मागवलेल्या वस्तू घ्यायचा काउंटर हेड ऑफिसला सगळ्यात वर हवा होता, लोक सगळं दुकान पाहत जातील म्हणून. तो आम्ही पहिल्या मजल्यावर, वळशाच्या वाटेच्या मध्यावर ठेवला. घाईत आलेल्याला सगळ्यात वरच्या मजल्यापर्यंत चढवलं तर तो पुढच्या वेळी घरपोच मागवेल, हा आमचा मुद्दा त्यांनी मान्य केला. पण सगळ्यात वरच्या मजल्याला ग्राहक आणणारं दुसरं काहीच आम्ही दिलं नाही, हेही खरं. चादरी आणि भांड्यांची विक्री तिथे अजून रेंगाळलेलीच आहे. मजला भाड्याने द्यावा, की घरसामान दुसऱ्या मजल्यावर आणून वरची जागा ऑफिसला द्यावी, यावर साखळीत चर्चा चालू आहे. त्यासाठी जिन्याच्या तोंडाशी पुन्हा मोजणी सुरू केली आहे, आणि या वेळी मालाच्या लिफ्टच्या फेऱ्याही मोजायला घेतल्या आहेत.